हरणीनं ऐकलेली धोंडुबाई

प्रसेनजीतनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका बारीक चौकोनातली बरोबरची खूण काढली, आणि खाली बोळात धोंडुबाईच्या खुब्याचं हाड मोडलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. हाडाच्या डॉक्टरांनाही वाटलं. "कशानं पडल्या?" असं त्यांनी विचारल्यावर धोंडुबाईचा नवरा जोतीराम म्हणाला, "बिद्रीच्या भोंग्यानं."

"बिद्रीला पडल्या?"

"न्हाय, हितंच. दारात."

डॉक्टरांनी जोतीरामकडं एकदा नीट बघितलं आणि कागदावर 'पाय घसरून' असं लिहिलं. सज्जन माणूस.

खरा प्रकार असा होता. धोंडुबाईच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या प्रसेनजीतनं पोटाला चिमटा घेऊन पुण्याहून एक माइक मागवला होता. जेमतेम करंगळीएवढा, काळा, आत बटणासारखा सेल असलेला. पण त्याला माणसासारखे दोन कान होते, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. साधा माइक सगळं एकाच कानानं ऐकतो. हा पठ्ठ्या कुठला आवाज कुठून आला ते लक्षात ठेवायचा. शिवाय तो खिशात मावायचा. न मावणारी गोष्ट म्हणजे कॉम्प्युटर. त्यामुळं माइक हिंडायला मोकळा आणि कॉम्प्युटर घराला बांधलेला, असा तो संसार होता.

बिद्रीला एका मित्राच्या घरी कॉम्प्युटर होता, म्हणून रविवारी प्रसेनजीत तिथं गेला, खिडकीतून माइक बाहेर धरला आणि साखर कारखान्याचा पाळी बदलायचा भोंगा भरून घेतला. मग तो सीडीवर घालून घरी आणला. त्या भोंग्यात एक गंमत होती. आवाज डावीकडून उठायचा आणि एक उसाचा ट्रॅक्टर त्याच्यातून खडखडत उजवीकडं जायचा. ही गंमत धोंडुबाईला ऐकवायचीच, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं दोन्ही स्पीकर खिडकीत बाहेर तोंड करून मांडले आणि खाली वाकून ओरडला, "मावशी, वाजवू का?"

"वाजीव की मुडद्या. माझी परवानगी घ्यायला मी काय फौजदार हाय?"

खाली हरणीची धार काढायचं चाललं होतं. हरणी म्हणजे म्हैस. प्रसेनजीतनं बटण दाबलं. आवाज नाही. स्पीकरची चकती शेवटपर्यंत फिरवली. नाही. कॉम्प्युटरमधला आवाज टोकापर्यंत वर नेला. तरी नाही. मग त्याला कोपऱ्यातला तो बारीक चौकोन दिसला. त्यातल्या बरोबरच्या खुणेचा अर्थ 'गप्प बस' असा होता. त्यानं ती काढली.

हरणी काही भित्री म्हैस नव्हती. सात वर्षं ती त्या बोळाच्या तोंडाशी उभी राहून दूध देत आली होती. तिनं गणपतीच्या मिरवणुका बघितल्या होत्या, निवडणुकीच्या जीपगाड्या बघितल्या होत्या, वरातीतली बँडवाली माणसं तिच्या शेपटाला घासून गेली होती. पण आख्खा साखर कारखाना डोक्यावर कोसळण्याचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. तिनं मागचे पाय झाडले. दुधाची कासंडी गटारीत गेली, आणि उकिडवी बसलेली धोंडुबाई मागच्या दगडी पायरीवर आपटली. वर भोंगा वाजतच होता. ट्रॅक्टर डावीकडून उजवीकडं गेला. ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

धोंडुबाईला दवाखान्यात ठेवून घेतलं. पायाला वजनं लावली आणि सहा आठवडे हलायचं नाही असं बजावलं. तिनं डॉक्टरला सुनावलं, नर्सला सुनावलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं काही न विचारताच सुनावलं. प्रसेनजीत मात्र कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, त्याला ती एवढंच म्हणाली, "जा बाबा घरी. जेव."

बाबा! दोन वर्षांत पहिल्यांदा. एरवी त्याचं नाव 'मुडद्या', नाहीतर खिडकीकडं बघून 'ए वरच्या'. धोंडुबाईची रीत अशी, की जो आपला त्याला शिवी आणि जो परका त्याला 'पावणं'. त्या मानानं 'बाबा' म्हणजे उंबऱ्याच्याही बाहेर काढल्यासारखं झालं. प्रसेनजीतला वाटलं, तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर रात्रीचा भात तरी गिळला असता.

कारण तो तिथं आला कसा, हे त्याला पाठ होतं. नेसरीहून कॉम्प्युटरचा कोर्स करायला तो कोल्हापुरात आला तेव्हा खोली बघत फिरला होता. बऱ्याच घरांत आधी खोली दाखवायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग "कळवतो" म्हणायचे. कळवलं कुणीच नाही. धोंडुबाईनं गोठ्यात शेण भरता भरता तीन प्रश्न विचारले.

"म्हशीच्या वासाचा तरास हाय का?"

"न्हाय."

"दारू?"

"न्हाय."

"दूध पितोस?"

"पितो की."

"मग वर जा. तिसरी पायरी मोडल्याली हाय, ती सोडून पाय टाक."

आडनाव तिला दोन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. नावाचंही तिनं फार मनावर घेतलं नाही. 'प्रसेनजीत' एकदा म्हणून बघितलं, दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं आणि 'वरच्या'वर भागवलं.

पुढं त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला आणि आवाज भरून द्यायचा धंदा सुरू केला. रिक्षातून फिरणाऱ्या जाहिराती, लग्नातली मंगलाष्टकं, जयंतीला गाणाऱ्या मंडळाची गाणी. काम कधी असायचं, कधी नसायचं. रोज संध्याकाळी धारा संपल्या की जोतीरामकाका तांब्याभर दूध घेऊन जिन्याखाली उभे राहायचे आणि खालून धोंडुबाईचा आवाज यायचा, "ए वरच्या, उरलंय, घे. न्हायतर गटारीत वताय लागंल!" दूध गटारीत जाऊ नये एवढ्याच सार्वजनिक हेतूनं प्रसेनजीत ते प्यायचा.

आता अडचण हरणीची होती. तिचं रेडकू महिन्यापूर्वी गेलं होतं, आणि तेव्हापासून ती धोंडुबाईच्या आवाजावरच पान्हा सोडत होती. धोंडुबाई नाही म्हटल्यावर जोतीराम कासेला बसला. हरणीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि पान्हा चोरला. जोतीराम अबोल माणूस. तीस वर्षांच्या संसारात त्याला बोलायची पाळीच आली नव्हती. त्यानं धीर करून "हरणे..." असं म्हटलं. हरणीला ते नवीनच वाटलं. तिनं शेपटी त्याच्या तोंडावर मारली.

पहिल्या दिवशी पावशेर दूध निघालं. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही.

दारातल्या दूध विकायच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकं जमायची आणि रिकामे ग्लास घेऊन सल्ले देत उभी राहायची. त्यात हंबीरराव पुढं. हे तालमीतले जुने पैलवान. कुस्ती सुटून वीस वर्षं झाली होती, खुराक सुटला नव्हता. म्हशीपुढं उभं राहून धारेचं फेसाळ दूध दोन ग्लास घेतल्याशिवाय त्यांची संध्याकाळ व्हायची नाही.

"जोत्या, धोंडुबाईचं लुगडं नेस," हंबीरराव म्हणाले.

"नेसलो हुतो सकाळी," जोतीराम म्हणाला.



जनावरांच्या डॉक्टरांनी कासेला हात लावून बघितलं. कास दगडासारखी झाली होती आणि गरम लागत होती. "उद्या संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही तर सुजेल. एखादं दुसरं सड कायमचं जाईल, नाहीतर म्हैस आटेल. पान्हा सोडायची सुई देऊ का?" जोतीरामनं नको म्हणून मान हलवली. सुईचं दूध काढायचं नाही, हा धोंडुबाईचा नेम होता. ते दूध नव्हं, जनावराचं रडू हाय, असं ती म्हणायची. आणि आटलेली म्हैस दारात ठेवून कट्टा चालत नाही. तिला बाजार दाखवावा लागतो.

हे सगळं प्रसेनजीत खिडकीतून ऐकत होता. घराचा सगळा डोलारा त्या एका म्हशीच्या चार सडांवर उभा होता आणि त्याला धक्का त्यानं दिला होता. तो तडक खाली आला.

"काका, हरणीला मावशींचा आवाजच पायजे न्हवं? मी आणतो."

"कशात?" जोतीरामनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसेनजीतनं आख्खा कॉम्प्युटर रिक्षात घातला. पेटी पायाशी, कळफलक काखेत, आणि तो जुना ढेरपोट्या पडदा मांडीवर, पहिलटकरणीला माहेरी नेल्यासारखा. दवाखान्यात वॉर्डबॉयला वाटलं तपासणीचं मशीन आलं. त्यानं आदरानं दार धरलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पदर सावरून "माझी पन पाठ बघा त्यात," असं सांगितलं.

प्रसेनजीतनं माइक उशीला टाचला आणि म्हणाला, "मावशी, हरणीला रोज म्हणता तसं म्हणा."

धोंडुबाईनं त्या काळ्या करंगळीकडं बघितलं. पडद्यावर हिरव्या रेघा नाचत होत्या. तिनं पदर डोक्यावरून घेतला, घसा साफ केला आणि तलाठ्यापुढं जबाब द्यावा तशी बोलू लागली.

"नमस्कार. मी सौभाग्यवती धोंडुबाई जोतीराम. राहणार कोल्हापूर. हरणीस कळविण्यात येते की, आपण दूध द्यावे. इकडे सर्व खुशाल आहे."

"मावशी, असं न्हाय. शिव्या द्या की!"

"कुनाला देऊ? समोर कोन पायजे की. वाऱ्यावर शिव्या घालाय मी काय येडी हाय?"

"मला द्या."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे दोन रात्री न झोपल्यासारखे लाल होते. "तुला न्हाय देनार," ती हळू म्हणाली. "बास झालं बाबा. ने ते मशीन."

दुपारी ते 'नमस्कार' हरणीला ऐकवलं. मतं मागायला आलेल्या उमेदवाराकडं बघावं तसं तिनं स्पीकरकडं बघितलं, आणि पुन्हा कडबा चघळू लागली. एक थेंब नाही.

चार वाजत आले. प्रसेनजीत वर येऊन कॉम्प्युटरपुढं डोकं धरून बसला. परत दवाखान्यात जावं, काहीतरी करून तिला चिडवावं, असं त्याच्या मनात होतं. पण नव्या आवाजाला डिस्कमध्ये जागा नव्हती. तास-तासभराचा आवाज म्हणजे त्या जुन्या डिस्कला अजीर्णच. जागा करायला तो नको असलेलं पुसू लागला. पुसता पुसता एका नावावर त्याचं बोट थांबलं. नाव होतं, 'खराब एक'.

माइक आला त्याच संध्याकाळची ती पहिली चाचणी होती. तार खिडकीतून खाली सोडून त्यानं कट्ट्यावर माइक लोंबता ठेवला होता. त्याला चिमण्यांचा आवाज भरायचा होता. भरलं गेलं ते म्हणजे कासंडीचा खणखणाट, कुणाची तरी मोटरसायकल, ग्लास आपटणं, आणि या सगळ्यावर धोंडुबाईचं अखंड ओरडणं. आवाज वाया गेला म्हणून त्यानं तसं नाव दिलं होतं, आणि आळसानं पुसायचं राहिलं होतं.

त्यानं कानाला हेडफोन लावले. पितळेवर पहिली धार वाजली, आणि डाव्या कानात धोंडुबाई बसली. 'ए वरच्या! ही कसली वायर लोंबाय लागलीया? म्हशीच्या शिंगात अडकली तर तुलाच दाव्याला बांधीन, मुडद्या!'

एवढं ऐकलं आणि तो उठलाच. पुढचं ऐकत बसायला वेळ नव्हता.

स्पीकरच्या तारा लांब करून त्यानं ते खाली सोडले. हरणीच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक. जोतीराम कासेला बसला. गिऱ्हाइकं भिंतीला टेकून उभी राहिली. हंबीररावांनी सगळ्यांना गप्प केलं, भजन सुरू व्हायच्या आधी करतात तसं. भोंग्याचा अनुभव जमेस धरून प्रसेनजीतनं आवाज पार खाली नेला, चौकोनातली खूण दोनदा तपासली, आणि मग बेताबेतानं वर चढवला.

कासंडी खणखणली. मोटरसायकल आली. 'ए वरच्या!'

हरणीचे कान ताठ झाले. पण लगेच ती बुजली, पाय आपटला, आणि मान उलट्या बाजूला वळवून शोधू लागली. प्रसेनजीत गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आलं. धोंडुबाई जन्मभर हरणीच्या डाव्या अंगाला बसत आली, आणि आता तिचा आवाज उजवीकडून येत होता. त्यानं पळत खाली येऊन दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. मालकीण आपल्या जाग्यावर येऊन बसली. हरणीनं एक लांब श्वास सोडला.

'उभी ऱ्हा सरळ, सटवे! नाचाय तमाशात हाईस का? हां... आशी. माझी बाय ती. आणि तू रं, ग्लास धुतलास का? गेल्या जन्मी धुतलावतास व्हय?'

जोतीरामच्या बोटांतून पहिली धार आली. मग दुसरी. मग आत कुठं तरी कुलूप निघाल्यासारखी चारी सडं मोकळी झाली. स्पीकरमधल्या कासंडीत एक धार वाजत होती आणि खरोखरच्या कासंडीत दुसरी. जोतीराम रडत होता की घाम पुसत होता ते कळलं नाही. हंबीररावांनी टोपी काढून छातीशी धरली.

असा अर्धा तास गेला. हरणी डोळे मिटून शिव्या ऐकत होती. आणि मग स्पीकरमधून हंबीररावांचाच आवाज आला.

'धोंडुबाई, आजून एक ग्लास वता की.'

'संपलं पावणं.'

'त्यो तांब्या दिसतोय की भरल्याला.'

'त्यो तांब्या न्हाय, माझं डोस्कं हाय. संपलं म्हनलं न्हवं? जावा घरला.'

भिंतीला टेकलेले खरे हंबीरराव सरळ झाले. "आयला! मला संपलं म्हनून सांगितलं हुतं की हिनं!"

प्रसेनजीत वर बटणाकडं धावला. पुढं काय आहे त्याला ठाऊक नव्हतं, पण लोकांची खासगी बोलणी अशी चव्हाट्यावर मांडू नयेत एवढं त्याला कळत होतं. पण बंद कसं करणार? आवाज थांबला की हरणी थांबणार. कास अजून निम्मीच मोकळी झाली होती. बटणावर बोट ठेवून तो तसाच उभा राहिला, आणि खाली सगळ्या कट्ट्यानं आणि वर त्यानं, एकाच वेळी पुढचं ऐकलं. धोंडुबाई आवाज खाली आणून बोलत होती. पण दोन कानांच्या माइकपासून काही लपत नाही.

'आवं, त्यो तांब्या झाका. वरच्या पोराचा हाय. दोन दिस झालं, त्याच्या खोलीत स्टो पेटल्याला न्हाय. काम न्हाय वाटतं. उरलंय म्हनून द्या बरं का. दिलं म्हटल्यावर घ्याचा न्हाय, मानी हाय त्यो.'

आणि जोतीरामचा आवाज, सगळ्या तासाभरातलं त्याचं एकमेव वाक्य, 'रोजच तर देतुय की तसं.'

 कट्ट्यावरची एकेक मान वर खिडकीकडं वळली. कासेला बसलेल्या जोतीरामनं वर बघितलं नाही, तो धार काढत राहिला.  हंबीररावांनी आपला ग्लास धुतला, चांगला तीन पाण्यानं, आणि पालथा घातला. "जोत्या," ते म्हणाले, "आज मला नको. पोराला दे. उरलंय म्हन."

प्रसेनजीत पडद्यापुढं बसला होता. हिरव्या रेघा वर-खाली होत होत्या. त्याला त्या नीट दिसत नव्हत्या.

पुढं रोज दोन वेळा 'खराब एक' वाजलं. हरणीची कास पहिल्यासारखी मऊ झाली. जोतीरामचा हात सुधारला, आणि आपल्याला म्हशीशी चार शब्द बोलता येतात हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. गिऱ्हाइकांना सगळं पाठ झालं. 'गेल्या जन्मी धुतलावतास व्हय' आलं की सगळे एकसुरात म्हणायचे. 'संपलं पावणं' आलं की हंबीरराव मान खाली घालायचे. प्रसेनजीतनं मात्र ते नाव बदललं नाही. पुसायला गेलो होतो, हे आपल्या लक्षात राहावं म्हणून.

सहा आठवड्यांनी धोंडुबाई घरी आली. काठी टेकत, वाटेतल्या प्रत्येकाला काहीतरी सुनावत. हरणीनं तिला लांबूनच ओळखलं आणि दावं तोडायच्या बेताला आली. आता खाली उकिडवं बसता येईना म्हणून स्टुलावर बसून धोंडुबाईनं धार काढली. स्पीकर गप्प होते. गिऱ्हाइकांना थोडं चुकल्यासारखं वाटलं.

धारा संपल्या. त्या दिवशी ती स्वतः तांब्या घेऊन जिन्याखाली आली. "ए वरच्या, उरलंय, घे."

प्रसेनजीत तिसरी पायरी सोडून खाली उतरला. सहा आठवडे त्यानं बोलायचं जुळवून ठेवलं होतं. भोंग्याची माफी, खोलीचं, आडनाव न विचारल्याचं, सगळं. 

"मावशी, ते उरलेलं नव्हतं कधीच. मला कळलंय. माझ्यामुळं तुमचा पाय... आणि तुम्ही दोन वर्सं रोज... हे उपकार मी कसे फेडू, मला..."

धोंडुबाईनं वर खिडकीकडं बघितलं, तिथं तार लोंबत नाही याची खात्री करून घेतली, आणि तांब्या त्याच्या हातात कोंबला.

"मशीन बंद हाय न्हवं मुडद्या, मग गप पी, फेस बसाय लागलाय."